कोरे बूट

विजयमालाने लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवून उजवा पाय बुटात घातला, तर पुढे बोटांना काहीतरी टोचले. पाय काढून तिने बूट झटकला. आतून कागदाचा बोळा पडला, दुकानातल्या नव्या बुटात असतो तसा. तिने बूट उलटून पाहिला. जाड रबराच्या खाचांत मातीचा एक कण नव्हता.

बूट सात नंबरचा होता आणि आबांचा पाय नऊचा. तिचे वडील, सयाजी आबा, फौजेत बूट-कपड्यांच्या कोठारावर हवालदार होते. दर दिवाळीला दार लावून ते आपल्या फौजेतल्या पेटीशी काय करतात, हे घरात कुणी विचारत नसे. आज ते उसाला पाणी पाजायला गेले, तेव्हा तिने पेटी उघडली.

तिचाही इलाज नव्हता. चौऱ्याहत्तर सालच्या त्या मे महिन्यात साताऱ्याच्या कॉलेजातल्या आठ मुली हिमालयात निघाल्या होत्या. सात दिवसांची पायी चाल, तेरा हजार फुटांपर्यंत. महिनाभर पाठीवर गहू भरलेली सॅक घेऊन त्यांनी अजिंक्यतारा पालथा घातला होता. यादीतले सगळे जमले, बूट तेवढे राहिले. कापडी बुटांवर एकीलाही वर नेणार नाही, असे सरांनी बजावले होते, आणि सातारची एसटी उद्या सकाळी सातला होती.

दोन्ही बूट चढवून ती नाड्या बांधत होती तोच आबा आले, ते दारातच थांबले. हातातले खोरे खाली ठेवायचेही त्यांना सुचले नाही.

"काढ ते."

"कुणाचं हाईत आबा?"

"काढ म्हणतो न्हवं."

आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. त्याचीच तिला भीती वाटली.

"सांगा, मग काढती."

आबा उंबऱ्यावर टेकले.

"जोतीरामाचं."

जोतीराम म्हणजे शेजारच्या राहीकाकीचा एकुलता एक मुलगा. तोही फौजेत होता. बारा वर्षांपूर्वी चीनच्या लढाईत वर बर्फात गेला तो आलाच नाही. थंडीने त्याचे हाल झाले नसतील, सयाजी भावजींनी स्वतःच्या हाताने त्याला भारी बूट दिले होते, असे काकी अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"पन तुमी दिलं व्हतं की त्येला!"

"सांजच्याला कोठारावर आला. म्हणला, आबा, पहाटं गाडी वर निघती, बूट द्या. सहीचा कागद नव्हता त्येच्याकडं. सहीबिगर सुताचा तोडाबी बाहेर द्यायचा न्हाई, ह्यो माजा नेम. म्हणलं, उद्या ये." आबा खोऱ्यावरची माती नखाने खरवडत राहिले. "सही दुसऱ्या दिशी दुपारी आली. वरातीमागनं घोडं. पेन्शनीला निघालो तवा तेवढा जोड मागून घेतला."

"मग त्यो..."

"कापडी बुटावर गेला."

विजयमालाला धक्काच बसला. नेमाचा माणूस म्हणून आबांचे गावभर नाव होते आणि तिलाही त्याची घमेंड होती. तो नेम असा! तिला त्यांचा राग आला आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

तेवढ्यात खुद्द राहीकाकीच आत आली.

"वाटंला दशम्या केल्यात गं माले." मग तिची नजर बुटांवर गेली आणि चेहरा फुलला. "आवं भावजी, असलंच दिलं व्हतं न्हवं माझ्या जोत्याला?"

आबांना हो म्हणायची बारा वर्षांची सवय होती. त्यांनी आधी लेकीकडे पाहिले, मग काकीकडे.

"ह्येच हाईत ते, वैनी. दिलं न्हाईत मी. खोटं बोललो."

काकीने दशम्या कोनाड्यात नीट ठेवल्या. विजयमालापुढे बसून नाड्या सोडल्या, एकेक बूट ओढून काढला, दोन्ही पदरात घेतले आणि ती निघून गेली. तिने शिवी दिली असती तर आबांना बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी घरात कुणी जेवले नाही. बूट नाहीत म्हणजे जाणे नाही, आणि ते मागायला जायचे तोंड दोघांनाही नव्हते.

सकाळी सरांसाठी कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायला ती थांब्यावर गेली. आबा मागून तिची सॅक घेऊन आले, कशाच्या आशेवर कुणास ठाऊक.

डोंगराच्या वाटेने कुणीतरी लंगडत येत होते. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, अंगावर धूळ. जन्मात पायात वहाण न घातलेली राहीकाकी जोतीरामाचे बूट घालून येत होती.

ती दगडावर बसली आणि तिने नाड्या सोडल्या. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या.

"कोरं बूट चावत्यात," ती म्हणाली. "पहाटंपासनं दोन डाव डोंगर चढून उतरली. आता न्हाई चावायचं."

"काकी, तुमचं पाय..."

"माझं हुतील बरं. घाल."

"वैनी," आबा म्हणाले. काकीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

"परत आलीस की मला आणून दे," तिने विजयमालाला बजावले. "त्येंच्याकडं नगं."

एसटी वळणावर दिसली. विजयमालाने घाईने पाय आत सरकवले. बूट अजून गरम होते.