उजव्या इयरफोनची कबुली

मी एक जुना इयरफोन आहे, उजव्या कानाचा. जुना म्हणजे वयाने नव्हे. वय विचाराल तर जेमतेम दीड वर्ष. पण मित्रांनो, आमच्यात म्हातारपण लवकर येतं, आणि माझ्यावर तर ते एका दुपारीच आलं. माझा जुळा भाऊ डावा माझ्या शेजारीच पडलेला आहे. तो आता काहीच बोलत नाही, म्हणून दोघांचंही मलाच सांगावं लागतं.

आधी थोडी फुशारकी मारून घेतो. पुढे मारण्यासारखं फारसं काही नाही. आमचा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा बसवला. बसवताना तिने श्वास रोखून धरला होता. तो पडदा हलला की आवाज होतो, एवढंच माझं काम. मग आम्हा दोघांना एका गुळगुळीत डबीत शेजारी शेजारी झोपवलं. डबीत गेलो की आमचं पोट भरायचं, बाहेर आलो की काम सुरू. दुकानात आम्हाला काचेच्या कपाटात, तेही कुलपात ठेवलं होतं. वायरवाले भाऊबंद बाहेर खुंटीला लटकलेले असत आणि आम्ही त्यांच्याकडे बघतही नसू. आता आठवलं की लाज वाटते. ते बिचारे भिजले तरी दोन दिवसांत वाळून पुन्हा गायला लागत.

एके दिवशी एक मुलगी आली. तिने दुकानदाराला विचारलं, "हे घातले की समोरच्याचं बोलणं मोठं ऐकू येतं ना?"

"येतं की. हे बटण दाबायचं."

"आणि कानाचं मशीन वाटत नाही ना?"

दुकानदार हसला. "ताई, हे कॉलेजची पोरं घालतात."

"मग हेच द्या," ती म्हणाली. किंमत ऐकून तिने पाकिटातले पैसे दोनदा मोजले, पण हेच घेतले.

ही मुलगी परदेशात नोकरीला होती. एका प्रयोगशाळेत ती लोकांचे खोटे दात बनवायची. सुट्टीवर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की वडिलांना आता नीट ऐकू येत नाही. ते कबूल करत नव्हते. ऐकू आलं नाही की ते मान डोलवायचे आणि "बरं बरं, छान" म्हणायचे. मशीनचं नाव काढलं की म्हणायचे, "मी काय म्हातारा झालो?" म्हणून तिने ही युक्ती केली होती.

वडिलांचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. लहानथोर सगळे त्यांना इस्त्रीकाका म्हणत. पुढे लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, वाफेची इस्त्री, मागे एक लहान खोली. खिडकीशी त्यांची थोरली बहीण बसायची आणि तुटलेली बटणं लावून द्यायची. तिला सगळे आक्का म्हणत. लेकीने आम्हाला काकांच्या कानात बसवलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, चहा टाकू का?"

काकांनी चटकन मान वळवली. "अगं, ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. त्यावर आक्कासुद्धा हसल्या.

जाण्याआधी लेकीने खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी वाचून दाखवली. "बाबा, घाम चालेल, पाऊस चालणार नाही. भिजलेच तर पुसून उघड्यावर ठेवायचे. ओले असताना डबीत घालायचे नाहीत. आणि गरम तर अजिबात करायचे नाहीत. फार नाजूक आहेत." काका म्हणाले, "बरं बरं." मित्रांनो, त्या वेळी त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मीच ऐकवलं होतं.

ते सुरुवातीचे महिने म्हणजे आमची चंगळ होती. गिऱ्हाईक दारातून पुटपुटलं तरी काका उत्तर देत. आक्का पाठमोऱ्या बसून कोणाची चुगली करू लागल्या की काका म्हणत, "आक्का, ऐकू येतंय बरं का." दर रविवारी लेकीचा फोन यायचा. काका मागच्या खोलीत जाऊन, दार लावून, कानात प्राण आणून ऐकायचे. कोणाचा दात कसा बसला नाही, कोणती आजी नवे दात घालून आरशासमोरून हलेचना, असलं सगळं ती सांगायची. तिला वाटलं, बाबांच्या कानांची काळजी मिटली. तसं तिला वाटणं अगदी बरोबर होतं.

मग पावसाळी दिवस आले. एका दुपारी काका धुतलेले कपडे पोचवायला निघाले. बारीक पाऊस पडत होता. आक्का म्हणाल्या, "अरे, कानातले काढून ठेव." काकांनी हात वर नेला खरा, पण दारात छत्री उघडली आणि ते थबकले. छत्रीवर थेंब वाजत होते. तो आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पन्हाळीतून पाणी पडत होतं, सायकलच्या चाकाखाली चर्र होत होतं, पलीकडे कोणीतरी पत्र्याखाली उभं राहून शिंकत होतं. काकांनी आम्हाला काढलं नाही. उलट बटण दाबून आवाज मोठा केला.

खरं सांगू? मलाही मजा वाटली. पाऊस ऐकवायला मिळतो म्हणून मी छाती फुगवून वाजत होतो. वाऱ्याने छत्री उलटी झाली, जाळीतून पाणी आत आलं, तरी मी मागे हटलो नाही. डावा दोनदा खरखरला. मी त्याला म्हणालो, "रडतोस काय, वाज." त्याचं शेवटचं बोलणं ते खरखरणंच होतं. मी ते ऐकून घेतलं नाही.

दुकानात परत आल्यावर काकांनी आम्हाला काढलं. दोघांतूनही पाणी ठिबकत होतं. मित्रांनो, नुसतं पुसून त्यांनी आम्हाला उघड्यावर ठेवलं असतं, तर कदाचित आम्ही वाचलो असतो. पण चाळीस वर्षं ज्या माणसाने ओली वस्तू हातात आली की ऊब द्यायची एवढंच केलं, तो दुसरं काय करणार? ओला सदरा, ओली चादर, ओला कोट, सगळ्यांवर त्यांचं एकच औषध. त्यांनी आम्हाला रुमालात गुंडाळलं, घोंगडीवर ठेवलं आणि वरून, अगदी मायेने, इस्त्री फिरवली. टेकवली नाही. बोटभर वर धरून फिरवली, जशी ते रेशमी साडीवर फिरवत. मग कोमट असतानाच आम्हाला डबीत घालून झाकण लावलं.

आतलं पाणी वाफ झालं आणि बाहेर जायला वाट मिळेना. पडदा धरून ठेवणारा डिंक वितळला. माझा पडदा एका कडेला चिकटून बसला. डावा त्याच रात्री गेला.

मी मात्र पुरता मेलो नाही, आणि खरा घोटाळा इथेच झाला. मी पुरता गेलो असतो तर फोनने मला सोडून दिलं असतं आणि लेकीचा आवाज फोनमधूनच मोठ्याने आला असता. पण माझ्यात थोडी धुगधुगी होती. मी फोनला सांगत राहिलो, मी आहे, आवाज माझ्याकडे दे. फोन देत राहिला. तो आवाज माझ्या पोटात यायचा आणि चिकटलेल्या पडद्याखाली गुदमरायचा.

काकांना दुसऱ्या दिवशीच कळलं. पण त्यांनी अळीमिळी गुपचिळी केली. एवढी महाग वस्तू, लेकीने बजावून सांगितलेलं, आणि आपण भाजून ठेवली. कोणत्या तोंडाने सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते आम्हाला कानात घालून तसेच हिंडत राहिले. आक्कांनाही पत्ता लागू दिला नाही. पुन्हा मान डोलावणं सुरू झालं, पुन्हा "बरं बरं, छान."

आणि रविवार आला. काका मागच्या खोलीत गेले, दार लावलं, फोन घेतला. लेकीचा आवाज माझ्याकडे आला. नेहमीसारखा नव्हता.

"बाबा, एक विचारायचंय. इथला करार संपतोय. पुढच्या तीन वर्षांसाठी सही मागतायत. पगार चांगला आहे. पण मला इथं करमत नाही. जेवताना समोर कोणी नसतं. मला परत यावंसं वाटतंय. आपल्या गावात छोटी प्रयोगशाळा काढता येईल. तुम्ही ये म्हणालात, तर मी सही करत नाही. येऊ का?"

मित्रांनो, यातला शब्द न् शब्द माझ्यापाशी पोचला होता. मी जीव तोडून थरथरलो. काकांच्या कानाशी फक्त चिलटासारखी गुणगुण झाली. बोलणं थांबलेलं त्यांना कळलं. आता आपली पाळी, एवढं त्यांनी ओळखलं.

"बरं बरं," काका म्हणाले. "छान. तू तिथं नीट राहा. इकडची काळजी करू नकोस."

माझा माईक शाबूत होता. काकांचं वाक्य तिच्यापर्यंत स्वच्छ पोचलं. मग तिने विचारलं, "नक्की ना, बाबा?"

"हो हो. अगदी," काका म्हणाले.

तीन आठवड्यांनी आक्का एका कोटाचं बटण लावत होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली आणि काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला पोरीचा फोन आला होता. रडत होती. एकुलती एक लेक येऊ का म्हणते आणि तू तिला तिथंच राहा म्हणालास?"

काकांनी सवयीने मान डोलावली. आक्कांनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. काकांनी इस्त्री बंद केली. आम्हाला कानातून काढून डबीत घातलं आणि तिथेच उभ्याने लेकीला फोन लावला. आता आवाज फोनमधून आला, अख्ख्या दुकानात.

"मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं गं," काका म्हणाले. "पावसात भिजवले. मग इस्त्रीने वाळवायला गेलो. तू रागावशील म्हणून बोललो नाही."

लेक म्हणाली, "इयरफोन गेले तर गेले असते, बाबा. मी कशाला रागावले असते? ऐकू आलं नाही, एवढं तरी म्हणायचं. मी त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सही केली."

दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं. आक्कांनी त्याला नंतर यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःहून कानाचं मशीन आणलं. कानामागे बसतं, तपकिरी रंगाचं, लांबून दिसतं. त्यांना त्याचं आता काही वाटत नाही. आम्हाला मात्र त्यांनी टाकलं नाही. मध्यंतरी ते आम्हाला गुपचूप दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले होते, पण त्याने हातही लावला नव्हता. "हे उघडतच नाहीत, काका," म्हणाला होता. आता बटणांच्या खणात आमची डबी उघडीच ठेवलेली आहे.

मित्रांनो, आम्ही नाजूक आहोत, आणि नाजूक असणं हा काही मोठेपणा नाही. पाऊस आला की आम्हाला खिशात टाका. चुकून भिजलोच तर कोरड्या फडक्याने पुसा, उघड्या हवेत ठेवा आणि दोन दिवस धीर धरा. आणि आमच्यासारखी एखादी वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर ज्याने ती दिली त्याला त्याच दिवशी सांगा. वस्तूपेक्षा माणूस महाग असतो, हे मला भाजल्यावर कळलं.

परवाच्या रविवारी काका फोनवर बोलत होते. लेक म्हणाली, "बाबा, जेवलात का?" फोनचा आवाज मोठा होता, मला खणातही तो प्रश्न कळला. मशीन चांगलं आहे, काकांनाही कळलाच असणार. तरी ते म्हणाले, "पुन्हा सांग, बाळ." आणि तिने पुन्हा सांगितलं.