माऊलीच्या रक्तातला साक्षीदार

मी प्रतिपिंड बोलतोय. नाव जड आहे, पण काम साधं. अंगात परका जंतू शिरला की त्याला ओळखून धरायचं. चार वर्षांच्या माऊलीच्या रक्तात माझा जन्म झाला. आमच्यातला एकेक जण काही आठवड्यांत संपतो, पण त्याच्या जागी हुबेहूब दुसरा येतो. म्हणून मी स्वतःला एकच समजतो.

ती दुष्काळाची वर्षं होती. फुलंब्रीकडची विहीर आटली तसा मुकुंद बायको उमा, मुलगा माऊली आणि आई आवडाबाई यांना घेऊन शहरात, उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहायला आला. शहर चहूकडे वाढत होतं, नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी यायचं. उमा कपड्यांच्या दुकानात कामाला लागली आणि माऊलीला सांभाळायचं काम आवडाबाईंकडे आलं. त्या भाकरीचा घास आधी स्वतः चावून मऊ करायच्या आणि मग नातवाच्या तोंडात घालायच्या. आपली सगळी लेकरं त्यांनी अशीच वाढवली होती.

त्या घासाबरोबर एक जंतू माऊलीच्या पोटात उतरला. जठराच्या चिकट अस्तराखाली त्यानं ठाण मांडलं. मी जन्मलो तो त्याच्यासाठीच, पण खरं सांगतो, त्याच्यापुढं माझं काही चाललं नाही. पोर पोट धरून रडायचं आणि मी रक्तात नुसता फिरत राहायचो. फार लाज वाटायची.

शेवटी डॉक्टर वैदेही मॅडमनी शौचाच्या तपासणीत जंतू पकडला. औषधं दिली आणि घास चावून भरवू नका, असं समजावलं.

"मला काय ठावं, बाई? मायेनंच चारत होते," आवडाबाई एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी सवय सोडली ती सोडलीच. औषधांनी जंतू मेला आणि माऊली पोटभर जेवू लागला.

मी मात्र राहिलो. जंतू गेला तरी आम्ही कितीतरी महिने रक्तात पहारा देतो, तशी आमची रीतच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात माऊलीनं कच्च्या कैऱ्या खाल्ल्या आणि त्याचं पोट दुखू लागलं. उमा घाबरली. मॅडमकडं न जाता तिनं गल्लीतल्या लॅबमध्ये त्याचं रक्त तपासून घेतलं. तिथं मी सापडलो.

ती घरी आली ती थेट सासूसमोर उभी राहिली. "आत्याबाई, परत चावून चारलं ना?"

"नाय गं, पोरी. माऊलीची आण."

"मग रक्तात कसं निघालं? रक्त खोटं बोलतं व्हय?"

मी खोटं बोलत नव्हतो. जंतू कधीतरी येऊन गेला, इतकंच मी सांगत होतो. उमानं ऐकलं ते असं की तो आजही आहे. आवडाबाईंनी लेकाकडं पाहिलं. मुकुंदनं मान खाली घातली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई बोचकं घेऊन फुलंब्रीच्या बसमध्ये बसल्या.

आजी गेली तसं माऊलीचं जेवण पुन्हा तुटलं. तेव्हा कुठं उमा त्याला मॅडमकडं घेऊन गेली. शौचाच्या तपासणीत जंतूचा मागमूस नव्हता. मॅडम म्हणाल्या, "रक्तात दिसली ती जुन्या लढाईची खूण आहे. आज जंतू आहे की नाही, ते तिच्यावरून कळत नाही."

उमा तशीच माऊलीला घेऊन फुलंब्रीला गेली. आवडाबाई टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या होत्या. उमानं भर रांगेत त्यांचे पाय धरले. "आत्याबाई, चुकलं माझं. तुमचा काय बी दोष नव्हता."

आवडाबाईंनी तिला उठवलं. "तू म्हनती तसं असंल. पर मी लई इचार केला, उमे. सवयीनं, इसरून, एखादा घास दिला तर नसंल? आता मलाच माजा भरोसा नाय राहिला."

त्या परत आल्या. पण माऊली ताट घेऊन त्यांच्याकडं गेला, की हात पदराखाली घेतात. "मायजवळ जा, बाळा," म्हणतात.

मी आता विरळ होत चाललोय. थोड्या दिवसांत या रक्तात माझी खूणही उरणार नाही. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. सवय सोडल्यावर आवडाबाईंनी एकही चावलेला घास चुकूनही दिला नव्हता, हे मी आतून पाहिलंय. त्यांना कुणीतरी हे पुन्हा पुन्हा सांगा, आणि लवकर सांगा. माऊली मोठा होतोय. दुसऱ्याच्या हातून घास खायचं त्याचं वय आता फार उरलेलं नाही.