ठमीचे सत्तावन्न श्वास

मित्रांनो, आधीच कबूल करतो, आत्ता नक्की किती वाजलेत ते मला माहीत नाही. हसू नका. मी एक जुनं, भिंतीवरचं गोल घड्याळ आहे. बावीस वर्षं एकाच खिळ्याला लटकतो आहे, आणि एवढ्या वर्षांत एकच प्रश्न माझं डोकं खात आला आहे. मी खरं बोलतो की खोटं?

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझे काटे बसवले. आधी तासाचा, मग मिनिटाचा, आणि सगळ्यांत शेवटी केसासारखा बारीक, तांबडा सेकंदाचा. पाठीत सेल घातला आणि चोवीस तास मोठ्या घड्याळाशेजारी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाकून पाहिलं. "एका सेकंदाचाही फरक नाही हो," त्या शेजारणीला म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी. तेव्हापासून मी थोडा ताठ्यात असतो, ते चालवून घ्या.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याने. आज त्यांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, समोर दिवाण, आणि दिवाणाच्या वर मी. आजोबांच्या गळ्यात कायम एक पिवळी टेप असायची. तिचं सुरुवातीचं टोक झिजून पार चिंध्या झालं होतं, म्हणून आजोबा दहा इंचाच्या खुणेपासून माप धरायचे आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. नवी टेप घ्या म्हटलं की म्हणायचे, "हिला काय धाड भरलीय? दहा वजा केले की झालं!"

त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता आणि रोज त्याची बस चुकायची. एके दिवशी आजोबा स्टुलावर चढले आणि मला दहा मिनिटं पुढे करून मोकळे झाले. महिनाभर पोरगं वेळेवर गेलं. मग घरातल्या सगळ्यांना ती दहा मिनिटं पाठ झाली. साडेसात दाखवले की सगळे म्हणत, सातवीस. पाहुणे दचकून उठले की घर एका सुरात ओरडे, "बसा हो, ते दहा पुढे आहे!" मग मला पुढे करून मिळवलं काय? मी गोंधळून जायचो. खोटं मी बोलत होतो, पण माझ्यावर कोणी विश्वासच ठेवत नव्हतं, म्हणजे घरात सगळ्यांना खरं कळत होतं. विचार करून करून माझे काटे दुखायचे.

पुढे घरात फोन आले आणि माझ्याकडे बघणंच बंद झालं. काचेवर धूळ साठली. एक कोळी माझ्यामागे वर्षभर भाडं न देता राहिला. फक्त आजोबा सेल संपला की बदलायचे आणि कापडाच्या एखाद्या तुकड्याने काच पुसायचे. माझ्या तांबड्या काट्याचं मला फार वाईट वाटायचं. बिचारा सगळ्यांत जास्त पळतो आणि त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही.

मग त्याच मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि पाच महिन्यांपूर्वी ठमी आली. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण गाल पाहाल तर तुम्हीही तिला दुसरं काही म्हणणार नाही.

ठमीला पहिल्यांदा सर्दी झाली तेव्हा घरात नुसती पळापळ झाली. तीन शिंका आल्या, चला दवाखान्यात. नाक वाहिलं, चला दवाखान्यात. आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या. दोन चौक पलीकडे डॉक्टरबाई बसतात, त्या तिसऱ्या वेळी हसल्या आणि त्यांनी ठमीच्या आईला समोर बसवलं. त्या काय म्हणाल्या ते आईने घरी येऊन आजोबांना सांगितलं, म्हणून मला कळलं. नुसतं नाक वाहतंय, पण पोर दूध पितंय, हसतंय, तर घाबरू नका. ती शांत झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात पन्नास किंवा त्याच्या वर गेले तर या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध नको म्हणत असेल, लंगोट कोरडे राहत असतील, पोर मलूल झालं असेल, तर मोजत बसू नका, सरळ उचला आणि या.

त्या दिवसापासून घरातले सगळे आईला चिडवू लागले. ठमीचा बाप कामावर निघताना म्हणायचा, "आज ठमीने जांभई दिली, डॉक्टरांना कळवलंस का?" आईही हसायची. पण मी वरून बघत होतो ना, ते हसू काही तिच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं.

आता ऐका. दोन आठवड्यांपूर्वी ठमीला पुन्हा सर्दी झाली. या वेळी आईने मनाशी ठरवलं की उगाच धावायचं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी ठमी दिवाणावर झोपली होती, पण ते झोपणं काही बरं दिसत नव्हतं. नाकातून घुरघुर आवाज येत होता. आई तिच्याकडे बघे, दाराकडे बघे, पुन्हा तिच्याकडे बघे.

"बाबा, हिला न्यावं का हो?" तिने विचारलं. सासऱ्यांना ती बाबाच म्हणते.

आजोबा मशीनवरून उठून आले. "अंग गरम आहे का?"

"नाही ना! म्हणून तर कळत नाहीये. ताप नाही, पण मघाशी दूध अर्ध्यावरच सोडलं. परत गेले तर बाई म्हणतील, आली ही घाबरट."

"मग मोज की. त्यांनीच सांगितलंय ना?"

आईने फोनवर सेकंद लावले. एकतीसपर्यंत मोजून झालं आणि फोन वाजला. ठमीची आत्या. "कशी आहे गं सर्दी?" पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, बाविसाव्याला पुन्हा आत्याच. "अगं, वाफ द्या म्हणायचं राहिलंच." आईने फोन पालथा टाकला, मान वर केली आणि मित्रांनो, तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तांबड्या काट्याकडे!

काटा बारावर आला आणि ती मोजू लागली. ठमीचं पोट वर आलं की एक. मी आयुष्यात इतकं जपून कधी चाललो नव्हतो. काटा पुन्हा बारावर आला तेव्हा ती थांबली.

"सत्तावन्न," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "बाबा, सत्तावन्न!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बावीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "अगं, पण हे दहा पुढे आहे ना? दहा वजा कर. सत्तेचाळीस. पन्नासच्या आतच आहेत."

आईने सुटकेचा श्वास सोडला. "हो की! माझ्या लक्षातच नाही आलं." ती मटकन दिवाणावर बसली.

खरं सांगतो, मलाही ते पटलं. आयुष्यभर माझ्यातून दहा वजाच होत आले होते, मग याही वेळी तसंच असणार. पण आत कुठेतरी काहीतरी बोचत होतं. मी तर काही घाई केली नव्हती. की केली होती? मी पुढे आहे म्हणजे मी भरभर चालतो का? मग कारखान्यातल्या बाई काय खोटं बोलल्या? माझी मती गुंग झाली. आणि खाली ते एवढंसं पोट वरखाली होतच होतं.

दहाएक मिनिटांनी ठमी जागी झाली. आईने तिला छातीशी घेतलं. दोन घोट प्यायली, तोंड फिरवलं, पुन्हा लावलं तर रडलीसुद्धा नाही, नुसती पडून राहिली. आईने झबलं वर केलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता.

आईने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी रागाने.

"बाबा, हे घड्याळ काल किती पुढे होतं?"

"दहा."

"मी लग्न होऊन आले तेव्हा?"

"दहाच. मीच लावलंय ना."

"मग ते पळत कुठेय? पळत असतं तर एव्हाना कुठल्या कुठे गेलं असतं!" तिने आजोबांच्या गळ्यातली टेप ओढली. "तुम्ही दहापासून धरता. बत्तीसला कंबर संपली तर किती झाले?"

"बावीस."

"मग त्या बाविसातून परत दहा वजा करता का?"

आजोबांनी टेपकडे पाहिलं. "छे छे, बारा इंचाची कंबर होईल की..." आणि मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! सत्तावन्न ते सत्तावन्नच!"

"आणि हा खड्डा बघा. बाई म्हणाल्या होत्या मोजत बसू नका, आणि मी बसले मोजत!" तिने माझ्याकडे एक नजर टाकली. मी पावणेपाच दाखवत होतो. "चार पस्तीस झालेत. बाई पाचला दवाखाना बंद करतात. चला!" या वेळचे दहा तिने बरोबर वजा केले. आजोबा एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात मुलाची घालून तिच्यामागे धावले.

दार बंद झालं, आणि घरात मी एकटा उरलो. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. माझ्यामुळे पंधरा-वीस मिनिटं वाया गेली होती. माझ्यामुळे की आजोबांमुळे? की त्या चुकलेल्या शाळेच्या बसमुळे? काही म्हणजे काही कळत नव्हतं.

संध्याकाळी ठमीचा बाप एकटाच आला. पिशवीत झबली कोंबता कोंबता बहिणीशी फोनवर बोलत होता. "छातीतल्या बारीक नळ्या सुजल्यात म्हणे. बाईंनी बघितल्या बघितल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ऑक्सिजन लावलाय... हो, आता जरा बरी आहे. उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, म्हणाले." मग तो पिशवी घेऊन दिवाणावर बसला. "आणि ताई, मी हिला रोज चिडवत होतो गं," एवढं म्हणून त्याने डोळे पुसले.

ते सगळे चौथ्या दिवशी परत आले. ठमी गालांसकट परत आली, मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू! आजोबा मात्र तडक माझ्याकडे आले. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, मला खिळ्यावरून काढलं आणि माझ्या पाठीवरची वेळ लावायची चकती धरली.

"काय करताय, बाबा?" आईने विचारलं.

"बरोबर करतो याला. याच्यापायी आपली पोर गेली असती."

"याने काय केलं? याचं मिनिट बरोबरच होतं. राहू दे ते पुढे, तुमच्या मुलाला अजून लागतं. आणि तुम्ही खाली उतरा आधी. मी घाबरट नव्हते एवढं कबूल करा, बास झालं."

"नव्हतीस," आजोबा स्टुलावरूनच म्हणाले. "मी शहाणा ठरायला गेलो." मग खिशातून कापडाचा तुकडा काढून त्यांनी माझी काच बराच वेळ पुसली आणि मला परत लावलं.

तेव्हा मित्रांनो, वेळ मी अजूनही चुकीचीच सांगतो, आणि मी खरा की खोटा हा गोंधळ काही पुरता मिटलेला नाही. पण माझं मिनिट पुरं साठ सेकंदांचं आहे, एवढं आता मला पक्कं माहीत आहे. तुमच्या घरातल्या घड्याळाचीही काच अधूनमधून पुसत जा, सेल वेळेवर बदला. घरात तान्हं असेल तर त्याच्याकडे नीट बघा, आणि त्याच्या आईला वाटलं की न्यायला हवं, तर तिला हसू नका.

काल दुपारी ठमीला पुन्हा दोन शिंका आल्या. ती झोपल्यावर आजोबा तिच्याशेजारी बसले, मान वर करून माझ्या तांबड्या काट्याकडे बघत राहिले, ओठ हलत होते. काटा बारावर आला.

"सदतीस," ते म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, "वजा करून?"

"नाही गं," आजोबा म्हणाले, "अख्खे."