मेली म्हणण्याआधी बोनेट उघडा

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे आणि अजून मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बघून पुष्कळांचा तसा समज होतो. माझा एक दरवाजा फक्त आतून उघडतो आणि दुसरा फक्त बाहेरून. माझा मूळ रंग कोणता, यावर वाद आहेत. पण कामाला मी स्वतःच्या चाकांवर जाते आणि स्वतःच्या चाकांवर परत येते.

कारखान्यात माझा जन्म झाला तोच मुळी स्वस्तातली गाडी म्हणून. मऊ गादी नाही, गाणी नाहीत, काच खाली करायची तर दांडी फिरवा. शेजारच्या रांगेत चकचकीत गाड्या तयार व्हायच्या आणि त्यांना बघायला साहेबलोक यायचे. मला बघायला कुणी फिरकलं नाही. माझं काही अडलं नाही. आधी एका रंगाऱ्याने मला भरपूर राबवलं, मग त्याच्याकडून आमच्या बाईंनी मला घेतलं.

बाईंचा धुलाई-इस्त्रीचा धंदा आहे. दवाखान्याच्या आणि दोन लॉजच्या चादरी आणायच्या, धुऊन कडक इस्त्री करायची आणि सकाळी सकाळी पोचवायच्या, हे आम्हा दोघींचं काम. दवाखान्यातल्या नर्सबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या गाडीचा आवाज आला की आम्ही बिछान्यांवरच्या चादरी काढायला घेतो." त्या दिवशी मी दिवसभर फुगून होते.

आता थंडीचं सांगते. पेट्रोलच्या गाड्यांना ठिणगीची सोय असते. मला ती नाही. मी हवा दाबून दाबून तापवते आणि त्या तापल्या हवेत डिझेल पेट घेतं. बाहेर नळाचं पाणी गोठत असताना हे करून बघा म्हणजे कळेल. म्हणून माझ्या पोटात हीटर प्लग बसवलेत. किल्ली अर्धी फिरवली की समोर पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच किल्ली पुढे न्यायची. बाई याला माझा चहा म्हणतात. फार गारठा असला की मला दोन कप लागतात, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुसरं दुखणं डिझेलचं. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. त्यावर बाईंनी आपल्या धंद्यातलाच उपाय शोधला. जाडसर फडक्यावर इस्त्री फिरवायची आणि ते गरमागरम फडकं फिल्टरला गुंडाळायचं. तिसरी गोष्ट बॅटरी. थंडीत ती अगदी अंग चोरते. म्हणून हिवाळाभर बाई संध्याकाळी ती सोडवून घरात नेतात, स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवतात, आणि माझ्या बोनेटवर फाटक्या चादरींचं पांघरूण दोरीने आवळून बांधतात. बॅटरी घरात झोपते आणि मी अंगणात. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

एवढं करूनही गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी सुरू झाले नाही. बाई चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायी निघाल्या, बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट लचकलं. लेक आणि जावई धावत आले.

"आई, पुरे झालं आता," लेक म्हणाली. लाडाने तिला ठमी म्हणतात. "हे धूड देऊन टाक आणि आमच्याकडे राहायला चल. खोली रिकामीच आहे."

"खोलीत काय करू?"

"काही करायचं नाही. बसायचं आरामात!"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. जावई माणूस वाईट नाही, पण त्याच्या गाडीला किल्लीच नाही, बटण दाबलं की झालं. तो म्हणाला, "आई, गाडी संपलीय ती. किती दिवस ओढणार?"

"संपलीय?" बाई उसळल्या. "उद्या सकाळी सुरू झाली नाही तर खुशाल न्या भंगारात. तिच्या मागोमाग मीही येते तुमच्याकडे. पण सुरू झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही!"

म्हणजे घर, धंदा, सगळं माझ्या जिवावर लावून मोकळ्या झाल्या. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लेक-जावई गेल्यावर संध्याकाळी बाईंनी डाव्या हाताने नट सोडवले, बॅटरीचा पट्टा कोपरात अडकवून ती कशीबशी टोपलीत उतरवली आणि टोपली ओढत घरात नेली. तेवढ्या खटाटोपाने मनगट टम्म सुजलं.

सकाळी जावई हजर झाला तो थेट भंगारवाल्याचा ट्रक घेऊनच. ठमीही बरोबर होती. बाई आत इस्त्री तापवत होत्या. माझी किल्ली माझ्यातच असते, मला चोरायला कोण येतंय? जावई आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. टक्क असा आवाजसुद्धा नाही.

"एक दिवाही लागत नाही," तो बाहेर येत म्हणाला. "मेली ही."

"मग लावू साखळी?" भंगारवाल्याने विचारलं, आणि लावलीसुद्धा.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी जे बोलले असते ते मुलांना सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात बाई गरम फडकं घेऊन बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

"आई, मी बघितलं. सुरू होत नाही."

"बोनेट उघडलंत?"

"बोनेट कशाला?"

"अहो जावईबापू, बॅटरी स्वयंपाकघरात आहे!"

भंगारवाला हसून हसून ट्रकच्या पायरीवर बसला. जावई कानापर्यंत लाल झाला. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ठमे, बॅटरी आण. मला उचलवत नाही."

ठमी जागची हलली नाही. "आई, हात बघ तुझा. असं किती दिवस चालणार?"

"ते मला माहीत नाही. तू नाही आणलीस तर गाडी सुरू होणार नाही आणि मी तुझ्याकडे येईन. शब्द दिलाय, मोडायची नाही. पण तुझ्या त्या खोलीत माझ्यावाचून कुणाचं काही अडणार नाही, ठमे. इथे दवाखान्यात बिछान्यांवरच्या चादरी काढून ठेवल्यात."

ठमीचे डोळे भरून आले. आईला आपल्याजवळ ठेवायची आयती संधी चालून आली होती. हात बांधून नुसतं उभं राहायचं होतं. ती तशीच घरात गेली आणि बॅटरी छातीशी कवटाळून बाहेर आली. अंगावरच्या नव्या कोटाची पार वाट लागली.

"अहो, बघताय काय? ते पांघरूण सोडा!" ती नवऱ्यावर ओरडली.

बॅटरी बसली. फिल्टरला ऊब मिळाली. बाईंना त्या मनगटाने स्टिअरिंग फिरवता येणार नव्हतं, म्हणून ठमी माझ्यात बसली. तिने घाईने किल्ली फिरवली तशा शेजारून बाई म्हणाल्या, "थांब. चहा होऊ दे तिचा."

दोन कप झाले. मी खोकले. थरथरले. एक क्षण वाटलं, नाही जमणार. पण बाईंचं ते सुजलेलं मनगट समोर दिसत होतं. मग मी सगळा जोर एकवटला आणि अशी काही धडधडले की अंगणाकडच्या खिडक्या वाजल्या. धुराचा मोठा लोट थेट भंगारवाल्याच्या तोंडावर गेला. मुद्दाम केलं नाही. केलं असतं तरी कबूल केलं नसतं.

"साखळी सोडा भाऊ," बाईंनी खिडकीतून सांगितलं, "नाहीतर ट्रकसकट ओढत नेते."

त्याने सोडली. जावयाने मुकाट्याने चादरींची टोपली मागे ठेवली आणि ठमीने मला रस्त्यावर काढलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूसही असेल. आमची कीव करू नका. कीव आली की लोक साखळी घेऊन येतात. आमचे फिल्टर बदला, आम्हाला ऊब द्या, सकाळी जरा वेळ द्या. आणि एवढं झालं की समोरून बाजूला व्हा, आम्हाला कामाला जायचंय.