निरगाठ

"लुंग, पाय हलवू नका. नाहीतर मी अशीच उठून कामाला जाईन," सुदा म्हणाली. दाराबाहेरच्या पायरीवर बसून ती ओडवारच्या बुटांना सैल सुरगाठी मारत होती.

"हे लुंग-बिंग बंद कर आधी."

"आमच्याकडे थोरल्या काकाला लुंगच म्हणतात. आवडत नसेल तर स्वतःच्या नाड्या स्वतः बांधा."

ओडवारनं दुसरा पाय पुढे केला. उजव्या हाताची तीन बोटं दोन हिवाळ्यांपासून मेली होती. चौतीस वर्षं खाणीत थरथरणारी यंत्रं धरली त्याची ही बक्षिसी. पाना कसाबसा धरता येई, पण बारीक नाडी म्हटली की बोटं पांढरी पडून शुंभासारखी बसून राहायची. हे फक्त समोरच्या खोलीतल्या सुदाला ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी ती थायलंडहून या बर्फाच्या बेटावर साफसफाईच्या कामाला आली आणि इथलीच झाली.

"माझे चिकटपट्टीचे बूट घालून जा. मोठे आहेत," ती म्हणाली.

"पहिलीतल्या पोरासारखा जाऊ मुलाखतीला?"

"मग लक्षात ठेवा. निघताना ती मुलाखत घेणारी बाई आत गेली की नाड्या बुटात कोंबायच्या आणि सटकायचं. तिच्यासमोर बूट घालायचे नाहीत."

"कळलं गं बाई. दहादा सांगितलंस."

खाण गेल्या वर्षी बंद झाली. इथे घर नोकरीचं असतं. नोकरी गेली की घर गेलं, आणि घर गेलं की माणसानं मुकाट्यानं विमानात बसून खाली, मुख्य भूमीवर जायचं. या गावात ना वृद्धाश्रम, ना घरी येऊन करणारं कुणी. ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही त्याला इथे जागा नाही, एवढा साधा हिशोब. ओडवारला त्याची चीड होती, पण चौतीस वर्षांत खाली गेलेल्या प्रत्येकाला निरोप देताना त्यानंही हाच हिशोब बरोबर मानला होता, हे तो कुणाला सांगत नसे.

घर रिकामं करायची मुदत संपत आली होती आणि आता एकच नोकरी उरली होती. जून लागला की हिमनदीचं पाणी जुन्या खाणीत शिरतं. ते उपसायला पंपावर एक माणूस हवा होता, आणि त्याला घर मिळणार होतं.

कचेरीच्या दारात त्यानं टाचेनं टाच दाबून बूट काढले, तशा सुदाच्या सैल गाठी सुटल्या. इथे कुठेही जा, दवाखान्यात, कचेरीत, हॉटेलात, बूट बाहेरच. कोळशाच्या काळ्या पायांनी घर घाण होऊ नये म्हणून खाणवाल्यांनी पाडलेली रीत. खाणवाले गेले, रीत तेवढी राहिली. त्यानं बूट फळीवर ठेवले, टोकं दाराकडे करून.

मुलाखत घेणारी सुनिवा सहा महिन्यांपूर्वीच दक्षिणेतून आली होती. चांगली पोर. हीच तर पंचाईत. वाईट असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. तिनं वॉफल आणि तपकिरी चीज पुढे केलं. ओडवारनं कॉफीचा पेला डाव्या हातानं उचलला.

"पंप अडकला तर आधी काय बघाल?" तिनं विचारलं.

"बघतो कशाला? ऐकतो. वाळू ओढायला लागला की दात खाल्ल्यासारखा आवाज करतो. आणि हा तुझा नकाशा चुकलाय. ही झडप इथे नाही, वर आहे. मीच हलवली होती."

"कुठे लिहिलंय ते?"

"इथे," म्हणून त्यानं कपाळाला बोट लावलं.

ती मनापासून हसली. "खालून तीन इंजिनिअर आले. तिघांनीही हे सांगितलं नाही मला. सोमवारपासून या, ओडवार. घराच्या कागदावर आजच सही करते."

ओडवारनं पेला खाली ठेवला. गेले आठ महिने तो रोज सकाळी कपाट उघडून काय न्यायचं, काय टाकायचं ते ठरवत होता आणि पुन्हा कपाट लावून टाकत होता. आता ते संपलं. आनंदानं माणूस बावळट होतो म्हणतात, तसंच झालं.

"सोमवार कशाला? चल, आत्ताच दाखवतो तुला ती झडप!"

बोलून गेला आणि मग त्याला बूट आठवले.

"खरंच? चला!" सुनिवा उठलीसुद्धा.

दारापाशी तिनं एका मिनिटात बूट चढवले आणि टोपी घालून उभी राहिली. ओडवार बाकावर बसला. पाय बुटात गेले. नाड्या लोंबत राहिल्या.

"तू हो पुढे. गाडी गरम कर."

"गाडी गरमच आहे. सावकाश होऊ दे."

त्यानं नाड्या आत कोंबायला घेतल्या.

"अहो, बांधा ना! वर बर्फ आहे, पडाल."

झक मारली आणि वर जायचं नाव काढलं! त्यानं नाडी धरली. सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. कपाळावर घाम आला. चौतीस वर्षं ज्या हातांनी अख्ख्या खाणीचं पाणी उपसलं, त्यांना एक दोरा धरवेना. त्याला स्वतःच्या बोटांना चावावंसं वाटलं.

सुनिवा गुडघ्यावर बसली. तिनं दोन्ही बुटांच्या नाड्या आवळल्या, बांधल्या आणि लहान मुलाला शाळेत धाडताना मारतात तशी वर निरगाठ मारली. मग तिनं त्याची पांढरी बोटं पाहिली.

"कधीपासून?"

"थंडीनं झालंय."

"आत बावीस अंश आहे, ओडवार."

त्यानं हात खिशात घातला. ती उठली, गुडघे झटकले.

"झडपेचं... पुढच्या आठवड्यात बघू. तुम्ही घरी जा. मी कळवते."

"सोमवारचं?"

"कळवते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरले होते. त्याचा त्याला जास्तच राग आला.

तो चालत घरी आला. रस्त्यात एक रेनडिअर बर्फ उकरत होतं. त्यालाही त्यानं शिवी हासडली. घराच्या दाराआत बूट काढायच्या जागेत तो बाकावर बसला. टाचेनं टाच दाबली. बूट हलले नाहीत. निरगाठ पक्की होती. डाव्या हातानं नखं तुटेस्तोवर ओढलं. सुदा संध्याकाळी येणार होती.

समोर उंबरा होता. पलीकडे त्यानं काल पुसलेली लाकडी जमीन. चार पावलं टाकली तर खुर्ची, कॉफी, खिडकी. बूट घालून आत गेला असता तर कोण बघत होतं?

त्यानं खिशातून चाकू काढला, दातानं उघडला आणि डाव्या हातानं दोन्ही नाड्या कापल्या. मग बूट फळीवर ठेवले, टोकं दाराकडे करून, आणि मोज्यांनी घरात गेला.