पहिलं वर्ष हातानं

आमच्या बेकरीत पीठ मळायचं मशीन आहे, चांगलं धडधाकट. पण घरच्या पोरांनी पहिलं वर्ष हातानंच मळायचं, हा सासऱ्यांपासूनचा नियम. आणि मळताना 'दुखतं' म्हणायचं नाही. म्हटलं की सगळे हसतात. यांनाही हसले होते, दिराला तर अजून हसतात.

लेकीचा नंबर लागला तेव्हा मी कडाकडा भांडले. "अहो, मुंगी चावली तरी गल्ली डोक्यावर घेणारी पोर ती!"

"म्हणूनच," हे म्हणाले. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

देवपण हवंय कोणाला! पण माझं ऐकतंय कोण?

आणि खरं सांगते, पुढे माझीच पंचाईत झाली. सहा महिन्यांत पोरगी पार बदलली. रडणं गेलं, मागून मागून जेवायला लागली. मैदावाला मैद्याचं भिजकं पोतं गळ्यात मारायला आला, तर त्याला असं सुनावलं तिनं, की गुमान पोतं उचलून चालता झाला. मनात म्हटलं, बाई गं, तूच चुकलीस. यांची तर कॉलर ताठ.

मग परवा तिच्या हातातून पावांचा ट्रे पडला. बघते तर उजवं मनगट टम्म सुजलेलं.

"ओल्या फरशीवर घसरले होते," ती म्हणाली. "झाले असतील तीन आठवडे."

तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. हाड मोडलेलं, आणि त्याच हातानं रोज मळलेलं. "वाकडं जुळलंय. ऑपरेशन करू, पण हात पहिल्यासारखा होईलच असं नाही."

यांच्यावर तोंडसुख घ्यायला गेले, पण कुठल्या तोंडानं? पोरगी रडत नाही म्हणून मीही खूश झालेच होते की! हिला आम्ही घट्ट केलं की मुकं केलं? मैदावाल्याला सुनावणारी ती हीच ना?

डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबलं. "दुखतंय का?"

पोरीच्या कपाळावर घाम फुटला. तिनं आधी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही हसतोय का, ते बघत होती.

"बाबा," तिनं विचारलं, "किती दुखलं की दुखतं म्हणायचं?"

हे आपल्याच हातांकडे बघत राहिले. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं.