वन्सं गोड बोलल्या

वन्सं कधी गोड बोलल्या असतील, तर त्या वहिनींच्या लग्नाआधी. लग्नानंतर पहिल्याच सकाळी नव्या भावजयीच्या हातचा चहा पिऊन त्यांनी "गरम आहे, एवढंच बरं" असं प्रशस्तिपत्र दिलं होतं, आणि तिथून पुढे त्यांच्या जिभेला कधी सुट्टी मिळाली नाही. उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्यांनी अख्खं गाव धाकात ठेवलं. लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्यांपैकी एकालाही पाकिटावर पत्ता धड लिहिता येत नव्हता, असं त्यांचं म्हणणं. राहिल्या भावाच्याच घरी. वहिनींचा एकुलता एक मुलगा बाब्या दोघींनी मिळून वाढवला आणि दोघींनी मिळूनच लाडावून ठेवला. खापर मात्र एकमेकींच्या डोक्यावर फोडायच्या.

तर हा बाब्या आता प्रवासी जहाजावर पाव भाजायला होता. बेटाबेटांवरून फिरणारं, तरंगतं हॉटेलच म्हणा ना. कामगारांच्या घरच्यांना कधीमधी फुकट फेरी मिळते, तशी त्याने दोघांसाठी मिळवली. बाब्याच्या वडिलांना अंघोळीच्या बादलीतल्या पाण्याचीही धास्ती, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि नणंद-भावजय निघाल्या.

खोली मिळाली जहाजाच्या पार पोटात. खिडकी नाही, एकावर एक दोन पलंग, आणि भिंतीपलीकडे इंजिनाची सततची घरघर. वन्संनी खालचा पलंग बळकावला आणि वर वहिनींनी कूस बदलली की पलंग करकरतो म्हणून रोज तक्रार सुरू ठेवली. रोज सकाळी बाब्या एक पाव घेऊन यायचा. करपलेले, वेडेवाकडे फुगलेले पाव प्रवाशांच्या टेबलावर जात नाहीत, त्यातलाच एक. वन्सं तो उलटा करायच्या, बुडावर टिचकी मारायच्या, एक तुकडा चावायच्या आणि निकाल द्यायच्या.

"खालून कच्चा."

"अगं आत्या, करपलाय तो!"

"करपलाय वरून. खालून कच्चाच आहे. एवढी वर्षं भट्टीपुढे उभा राहून शिकलास काय?"

बाब्या हसत सुटायचा. जहाजाच्या मुख्य आचाऱ्याला तो जेवढा घाबरायचा नाही तेवढा आत्याला घाबरायचा, आणि या फेरीत तर मुख्य आचारी त्याच्यावर डोळा ठेवून होता. भट्टीवरचा प्रमुख निवृत्त होत होता. जागा एक आणि उमेदवार दोन, बाब्या आणि आणखी एक जण. निकाल शेवटच्या बेटावर लागायचा होता. वहिनी उठता-बसता देवाला त्याचीच आठवण करून देत होत्या.

पहिल्या बेटावर सगळं छान होतं. दुसऱ्या बेटावर उतरण्याआधी जहाजाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना नाट्यगृहात जमवून सांगितलं, की बेटांवर डासांच्या तापाची साथ आहे. अंगभर कपडे घाला, मलम चोपडा, दिवसाही सावध राहा, हे डास दिवसाच चावतात. "आणि ताप आला तर लपवू नका. ताप उतरला म्हणजे सुटलो असंही समजू नका. काही जणांची खरी परीक्षा ताप उतरल्यावरच असते."

"घ्या," वन्सं मोठ्याने म्हणाल्या, "ताप आला तरी भीती, उतरला तरी भीती. मग या बाईला आनंद कधी होतो?" पुढच्या दोन रांगा हसल्या. मलमाला वास येतो म्हणून त्यांनी ते लावलं नाही. "मला चावून डासच मरेल," म्हणाल्या आणि दुपारभर बाजारात, पाण्याने भरलेल्या फुलांच्या कुंड्यांशेजारी उभं राहून एका टोपीवरून दुकानदाराशी हुज्जत घातली. टोपी घेतली नाहीच.

आठवडा उलटला आणि वन्सं तापल्या. अंग भट्टीसारखं, डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखी. वहिनी डॉक्टरला बोलवायला उठल्या, तर वन्संनी त्यांचं मनगट धरलं.

"कुठे निघालीस?"

"डॉक्टरीणबाईंकडे. तुम्ही तापाने फणफणलायत."

"बस खाली. बाब्या काय म्हणाला होता, आठवतंय? कामगाराच्या घरचं माणूस तापलं, तर तपासणी होईपर्यंत त्या कामगाराला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. शेवटचं बेट तोंडावर आलंय. तो बाहेर बसणार आणि तो दुसरा भट्टीवर. पोराच्या पोटावर पाय द्यायचाय का तुला?"

"पण वन्सं—"

"माझी शपथ आहे तुला, वहिनी. कोणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

वहिनी शपथ-बिपथ मानायच्या नाहीत. पण आयुष्यात एकही शपथ त्यांनी मोडलेली नव्हती, कारण मोडून बघण्याचा धीर कुणाला होतो? आणि खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंच वाटलं. शपथ नणंदेने घातली होती, आता सांगायचं की नाही हा प्रश्न त्यांचा उरला नव्हता. आईचं मन मोठं लबाड असतं. लेकराच्या भल्यासाठी ते दुसऱ्याचा ताप बिनबोभाट गिळतं.

मग सुरू झाली लपवालपवी. ओल्या पट्ट्या, बॅगेतल्या तापाच्या गोळ्या, बाहेर दारावर 'झोपमोड करू नये'ची पाटी. बाब्या पाव घेऊन आला की वहिनी दारातच तो हातात घ्यायच्या आणि "आत्या न्हातेय" म्हणून त्याला वाटेला लावायच्या. आतून वन्सं तापल्या आवाजात ओरडायच्या, "खालून कच्चा असणार!" आणि बाब्या निश्चिंत मनाने भट्टीकडे परतायचा. तापातही त्या वहिनींच्या पट्ट्यांना नावं ठेवत होत्या, एक फार ओली, एक फार कोरडी. वहिनींना त्याचाच आधार वाटायचा. मध्येच एकदा वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना स्ट्रेचरवरून नेताना वहिनींनी पाहिलं. चेहरा कागदासारखा पांढरा होता. त्या रात्री वरच्या पलंगावर त्यांनी कूस बदलली नाही, खालून श्वास ऐकू येतोय ना, एवढंच ऐकत पडल्या.

शेवटचं बेट दिसलं त्या सकाळी वन्संचा ताप उतरला. घाम येऊन अंग गार पडलं होतं. वहिनींना रडूच कोसळलं. देवाला, डासांना, सगळ्यांना त्यांनी माफ करून टाकलं आणि नाश्त्यासाठी वर गेल्या. उतरणाऱ्या प्रवाशांची रांग लागली होती, नर्स प्रत्येकाच्या कपाळासमोर तापमापक धरत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी बाब्या भेटला. पांढऱ्या टोपीखाली चेहरा नुसता फुललेला.

"आई, दुपारी निकाल! मुख्य आचारी सकाळी माझ्याशी हसले. कधी हसत नाहीत गं ते! आत्या कशी आहे?"

"आवरतेय," वहिनी म्हणाल्या. ते अगदीच खोटं नव्हतं.

"हा पाव दे तिला. आज पार कोळसा झालाय खालून. लक्षच नव्हतं माझं. म्हणावं, दे काय शिव्या द्यायच्यात त्या."

वहिनी खाली आल्या. वन्सं उठून बसल्या होत्या, भिंतीला टेकून. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे, पण डोळे उघडे. वहिनींनी पाव हातात दिला. वन्संनी तो उलटा केला नाही. टिचकी मारली नाही. एक छोटा तुकडा मोडला, तोंडात घोळवला.

"छान झालाय गं," त्या म्हणाल्या.

वहिनी हसल्या. मग हसू गालावरच थांबलं. पावाचं बूड काळं ठिक्कर होतं, जळका वास खोलीभर पसरला होता.

"वन्सं, करपलाय तो."

"असू दे. पोराने केलाय." वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. मग वरच्या पलंगाकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, तू खाली झोपत जा. वर तुला त्रास होत असेल. फार केलंस तू माझं."

चाळीस वर्षांत हे वाक्य वहिनींनी किती वेळा मनात म्हणून घेतलं होतं, स्वतःच वन्सं होऊन. आज ते खरंच ऐकू आलं आणि अंगावर काटा उभा राहिला.

"पोटात दुखतंय का तुमच्या?"

"थोडंसं. उलटी झाली मघाशी. तू काळजी करू नकोस."

वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. तो ओल्या फडक्यासारखा गार होता. तू काळजी करू नकोस! या बाईने आजवर काळजी कर, लाज बाळग, डोकं वापर, एवढंच सांगितलं होतं. ताप उतरल्यावर खरी परीक्षा, हे नाट्यगृहातलं बोलणं वहिनींना आठवलं, पुढच्या दोन रांगांच्या हसण्यासकट.

"मी आलेच," त्या म्हणाल्या.

"कुठे?" वन्संनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटले. त्यांनी उत्तर मागितलं नाही, हे वहिनींना सगळ्यात वाईट वाटलं.

दवाखाना त्याच मजल्यावर, पण दुसऱ्या टोकाला होता. वाटेत स्वयंपाकघराचा जिना लागायचा. वरून भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता, त्यात बाब्याचं हसू त्यांना वेगळं ओळखू आलं. त्या क्षणभर कठडा धरून उभ्या राहिल्या. अजून दुपार व्हायची होती. निकाल लागेपर्यंत थांबलं तर? काही तासांचा तर प्रश्न. ताप तर उतरलाय. कदाचित माणूस आजारातून उठलं की थोडं मऊ होतच असेल. असं सगळं मनात येऊन गेलं, आणि मग डोळ्यांसमोर आलं ते काळं बूड. वहिनी धावत सुटल्या. या वयात, लोकांसमोर, चपला हातात घेऊन.

"काय तक्रार?" नर्सने विचारलं.

"माझ्या नणंदबाई गोड बोलतायत."

नर्स हसली. "मग चांगलंच आहे की, काकू."

"नाही हो चांगलं!" वहिनी ओरडल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या जिभेवर शपथ काट्यासारखी आडवी बसली होती. माझं मेलेलं तोंड बघशील. सांगितलं तर बघशील. आणि नाही सांगितलं तर? "ताप होता त्यांना. चांगला फणफणून. आम्ही लपवला. आज सकाळी उतरलाय, आणि हात गार पडलेत, आणि त्या माझ्याशी गोड बोलतायत!"

नर्सचं हसू मावळलं. पलीकडच्या पडद्यामागून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, गळ्यात नळी अडकवतच.

पुढचं वहिनींना तुटक तुटक आठवतं. डॉक्टरीणबाईंनी वन्संची नाडी धरली, रक्तदाबाचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळला, नखं दाबून पाहिली. वन्सं म्हणाल्या, "या डॉक्टर, बसा." डॉक्टरीणबाई बसल्या नाहीत. "रक्तदाब फार खाली गेलाय, रक्तातलं पाणी झिरपतंय. इथे भागणार नाही, बेटावरच्या रुग्णालयात न्यावं लागेल. आत्ता." मग स्ट्रेचर, सलाईनची बाटली, लहान बोट. बोटीत उतरताना वरच्या कठड्याशी बाब्या उभा दिसला. डोक्यावर टोपी नव्हती. कोणीतरी त्याला भट्टीवरून बाहेर काढलं होतं. तो काहीतरी ओरडला, वाऱ्यात ऐकू आलं नाही. वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. नजर मिळाली असती तर काय सांगणार होत्या?

रुग्णालयाच्या खिडकीला बारीक जाळी होती. वहिनी वन्संच्या उशाशी बसून राहिल्या. संध्याकाळी जहाजाचा भोंगा वाजला आणि ते बाब्याला घेऊन निघून गेलं. वन्सं मधूनच डोळे उघडायच्या, "बरं वाटतंय" म्हणायच्या, आणि वहिनी खुर्ची आणखी जवळ ओढायच्या. 'वन्सं, एकदा शिवी द्या हो,' त्या मनातल्या मनात विनवत होत्या. 'मला बावळट म्हणा. तुमच्या भावाची निवड चुकली म्हणा. काहीही म्हणा.' रात्र गेली. दुसरा दिवसही गेला. शपथ मोडली होती आणि आता तिची वसुली व्हायची, या भीतीने त्यांनी वन्संच्या तोंडाकडे सरळ बघणंच टाळलं होतं.

तिसऱ्या सकाळी बाजूने आवाज आला. "सलाईनची नळी ताणलीस. धडपणे बसता येत नाही का?"

वहिनींनी दचकून वर पाहिलं. वन्संच्या कपाळावर आठी होती. जुनी, ओळखीची, डाव्या भुवईवरची.

"रडतेस काय? मला आधी सांग. शपथ मोडलीस?"

"मोडली."

"आणि बाब्याचं?"

वहिनींनी मान खाली घातली. "काल त्याचा फोन आला. त्या दुसऱ्याला मिळालं."

वन्संनी मान भिंतीकडे फिरवली. "माझ्या जिवापायी पोराचं नशीब घालवलंस," त्या म्हणाल्या. "एवढं काय दिसलं तुला, की शपथेचीही पर्वा केली नाहीस?"

वहिनींनी जहाजावरून निघताना पिशवीत टाकलेला तो पाव काढला. तो आता दगड झाला होता. वन्संनी तो हातात घेतला, सवयीने उलटा केला. काळ्या बुडाकडे बघत राहिल्या. बोटाने खरवडलं, काजळी नखात आली.

"हा मी खाल्ला?"

"खाल्लात."

"आणि काय म्हणाले मी?"

"छान झालाय म्हणालात."

वन्संनी पाव अंथरुणावर ठेवला. डोळे काठोकाठ भरले होते, पण आठी तशीच होती.

"मग मरायलाच टेकले असणार मी," त्या म्हणाल्या.